उत्तर: मराठवाड्यातल्या बालाघाट डोंगरांचे माथे सपाट का, आणि मुरमातले गोल धोंडे कुठून आले?

माथे सपाट आहेत कारण इथला बेसाल्ट सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याच्या आडव्या थरांनी साचला. थराचा खालचा भाग घट्ट काळा पाषाण, वरचा सच्छिद्र मांजऱ्या. मांजऱ्या लवकर झिजतो, तिथे उतार पडतो. पाषाण उभ्या भेगांवर तुटतो, तिथे कडा उभा राहतो. दोन थरांमध्ये लाल गेरूचा पट्टा असला तर तो आधी धुपतो आणि वरचा पाषाण आधार सुटून कोसळतो. वेरूळ-अजिंठ्याच्या वाटेवरच्या डोंगरांतही अशा पायऱ्या स्पष्ट दिसतात.

मुरमातले गोल धोंडे नदीने वाहून आणले असं म्हणतात, ते मात्र पटत नाही. ते जागीच तयार होतात. भेगांतून पाणी शिरतं, चौकोनी ठोकळ्याचे कोपरे दोन-तीन बाजूंनी कुजतात, म्हणून ते आधी जातात आणि ठोकळा गोल होतो. रस्त्यासाठी कापलेल्या दरडीत नीट पाहा: गोट्याभोवती कांद्यासारखे पापुद्रे असतात, हाताने सुटतात, पुढे त्यांचाच मुरूम होतो. नदीच्या गोट्याला पापुद्रे नसतात, आणि शेजारी वाळू व इतर जातीचे खडेही सापडतात.

पाया खणणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं. असा गोटा लागला की ‘पाषाण लागला’ म्हणून काम थांबवतात, पण त्याच्याखाली पुन्हा मऊ मुरूम असतो. मग भार असमान बसतो, भिंत तडकते. गोट्याच्या चारही बाजू मोकळ्या करून, खाली पहार घालून बघा.