मोठ्या कर्ण्याच्या स्पीकरांची तुलना : मदत हवी आहे

सर्वांना नमस्कार. ठाण्यात घोडबंदर रस्त्यालगतच्या आमच्या 17 बाय 11 फुटांच्या दिवाणखान्यासाठी मी क्लिप्श कंपनीच्या क्लिप्शॉर्न आणि ला स्काला या दोन हॉर्न (कर्ण्याच्या) स्पीकरांपैकी एकाची निवड करू पाहत आहे. कंपनीचे संस्थापक पॉल क्लिप्श यांचा 1946 पासून बनत आलेला क्लिप्शॉर्न कोपऱ्यातच शोभतो, कारण खोलीच्या दोन भिंती हाच त्याच्या खर्जाच्या कर्ण्याचा पुढचा भाग ठरतो. आमच्या एका कोपऱ्यात मात्र बाल्कनीचे सरकते दार आहे. ला स्कालाला कोपऱ्याची सक्ती नाही, परंतु त्याचा खर्ज सुमारे 50 हर्ट्झच्या खाली ओसरतो. 40 हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबीच साडेआठ मीटर भरते, तेव्हा इतक्या लांब लहरीसाठी घरात मावणारा कर्णा तोकडा पडणार, हे मान्य आहे.

मी मुख्यतः ख्यालगायन ऐकतो. दोन्ही स्पीकर वेगवेगळ्या ठिकाणी ऐकले असता तंबोऱ्याची जवारी आणि तबल्याची चाट विलक्षण स्पष्ट वाटली, पण तार सप्तकात गळा किंचित नाकातून आल्यासारखा भासला. हा दोष कर्ण्याचा, खोलीचा की ध्वनिमुद्रणाचा, हे ठरवता आले नाही. शिवाय दोन्हीकडे आवाजाची पातळी समान नव्हती, आणि थोडा मोठा वाजणारा स्पीकर नेहमीच सरस वाटतो (विक्रेत्यांना हे पक्के ठाऊक असते).

दाराच्या बाजूला जाड प्लायवूडची खोटी भिंत उभारल्यास क्लिप्शॉर्नचा खर्ज सावरेल का? दहा फुटांवर बसल्यास स्पीकरमधल्या खर्ज, मध्य आणि तार स्वरांच्या तिन्ही कर्ण्यांचा आवाज एकजीव होतो का? ठाणे किंवा नवी मुंबईत कोणाकडे यांपैकी एखादी जोडी असल्यास, माझ्या ध्वनिमुद्रणांसह तासभर ऐकण्याची संधी मिळावी, ही विनंती.