रामरथाच्या दिवशी ९ एप्रिल १९३० सांगायचा की नाही?

गोदाकाठची

चैत्र शुद्ध एकादशीला, म्हणजे रामनवमीनंतर दोन दिवसांनी, नाशिकच्या काळाराम मंदिरातून गरुडरथ आणि रामरथ निघतात. बाहेरगावच्यांसाठी थोडं सांगते. रामरथापुढे मानकरी पुजारी, ज्यांना आपण 'बुवा' म्हणतो, देवाकडे तोंड करून उलटे चालतात. दोर तालमीच्या पोरांच्या हातात. रामरथ गोदावरी ओलांडत नाही. गरुडरथ तेवढा नदी ओलांडून जुन्या नाशकात शिरतो, मेनरोड आणि सराफ बाजार फिरून परत येतो. मग रामकुंडावर देवांचं स्नान. चैत्राचं ऊन डोक्यावर असतं, पण घरात कुणी थांबत नाही. मला हा आपल्या गावचा सगळ्यात देखणा दिवस वाटतो, हे आधी सांगते, म्हणजे पुढचं कुणी उत्सवाविरुद्ध धरणार नाही.

या दिवशी रथाचा इतिहास सांगितला जातो. पेशवाईत सरदार रंगराव ओढेकरांनी मंदिर बांधलं, कोणत्या तालमीकडे कोणता रथ, मान कुणाचा. मी ऐकलेल्या निवेदनांत १९३० कधीच आला नाही. २ मार्च १९३० ला अस्पृश्य मानलेल्यांना मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसांची मिरवणूक या मंदिराशी आली. दारं बंद होती. दुसऱ्या दिवशी चारही दारांवर सत्याग्रही बसले, पहिल्या तुकडीत १२५ पुरुष आणि २५ बायका. जवळजवळ महिनाभर मंदिर बंद राहिलं. पुढे रथाचा दिवस आला, ९ एप्रिल. दोन्ही बाजूंच्या माणसांनी मिळून रथ ओढायचा असा समझोता झाला होता. प्रत्यक्षात अस्पृश्य मानलेल्यांचा हात दोराला लागण्याआधीच रथ पुढे पळवला गेला. दगडफेक झाली, माणसं रक्तबंबाळ झाली. बाबासाहेबांना वाचवायला कार्यकर्त्यांनी छत्र्या धरल्या, तरी त्यांनाही मार लागला.

हे घडलं ते रथाच्याच दिवशी आणि रथाच्याच दोरावरून. म्हणून रथाच्या इतिहासातून ते वगळता येणार नाही असं माझं मत आहे. निवेदनात त्यासाठी पाच मिनिटं द्यावीत आणि मंदिराबाहेरच्या रस्त्यावर एक फलक लावावा. तुम्हांला काय वाटतं?

पंचवटीकर

ठाम विरोध. आजोबांपासून आमच्या घरातली माणसं दोराला आहेत. आज दोर धरणाऱ्याला जात विचारली जात नाही, कुणी विचारली तर आम्हीच त्याला बाजूला काढू. जे झालं ते वाईटच झालं. पण वर्षाचा एक दिवस माणूस उपास धरून, अनवाणी, रामाच्या नावाने येतो. त्याला त्याच क्षणी पणजोबांच्या पापाची यादी वाचून दाखवायची? २ मार्च हा सत्याग्रहाचा दिवस आहेच. त्या दिवशी बोला, आम्हीही येऊ. प्रत्येक दिवसाचं आपलं काम असतं.

गोदाकाठची

पंचवटीकर दादा, तुमच्या भक्तीबद्दल शंका नाही. पण २ मार्चला कोण येतं ते बघा. ज्यांना हा इतिहास आधीच पाठ आहे तेच येतात. ज्यांनी तो कधी ऐकला नाही ते एकादशीला रथाला येतात.

आणि एक सांगा, आपण नाशिककर इतिहास विसरणारे आहोत का? १९०९ साली विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घालणाऱ्या अनंत कान्हेरे यांचं नाव आपण मैदानाला दिलं. तिथे चालायला जाणाऱ्या माणसाला त्या नावाचा त्रास होत नाही. गांधीजींनी दांडीला मीठ उचललं ६ एप्रिल १९३० ला. आपल्याकडचा रथाचा प्रसंग त्यानंतर तीनच दिवसांनी. दांडी शाळेच्या पुस्तकात असते. त्याच आठवड्यात आपल्या गल्लीत जे झालं ते आपल्या पोरांना का माहीत नसावं?

चैत्रपालवी

पोरांच्या बाबतीत सहमत. माझं शिक्षण पंचवटीतच झालं. सत्याग्रहाचं नाव पुस्तकात वाचलं होतं, पण तो रथाच्या दोरावर येऊन ठेपला होता हे नोकरीला लागल्यावर कळलं. ज्या वाटेने आपण रोज क्लासला जात होतो तिथेच हे झालं म्हटल्यावर फार अस्वस्थ झाले. लहानपणी कळलं असतं तर रथावरचं प्रेम कमी झालं नसतं.

जुनं नाशिक

तुम्ही सगळे भूतकाळावर भांडताय. २०१६ च्या एप्रिलमध्ये रामकुंड कोरडं पडलं होतं, टँकरने पाणी आणून भरलं. गंगापूर धरणातून आवर्तन सुटलं तर स्नान, नाही तर नाही. त्यावर धागा काढा.

गोदाकाठची

काका, तो धागा तुम्ही काढा, पहिली प्रतिक्रिया माझी असेल. इथे विषय रथाचा राहू द्या.

रमाईची लेक

मी दोन्ही बाजूंच्या विरोधात आहे, आणि थोडं सविस्तर लिहिते.

पंचवटीकर, 'पणजोबांचं पाप' म्हणून तुम्ही विषय मिटवता. पण मार फक्त ९ एप्रिलला बसला नाही. त्यानंतर जिल्ह्यातल्या खेड्यांत आमच्या माणसांना वाटा बंद झाल्या, दुकानदार सामान देईनात, पोरांना शाळेतून काढलं. सत्याग्रह पुढे काही वर्षं चालला. बाबासाहेबांचे नाशिकमधले सहकारी दादासाहेब गायकवाड यांनी तो धरून ठेवला. आमच्या घरात ही गोष्ट इतिहास म्हणून सांगत नाहीत, आजी तिच्या आईचं नाव घेऊन सांगायची.

आणि गोदाकाठची ताई, तुमचा हेतू चांगला आहे, पण आम्हांला तुमच्या उत्सवात पाच मिनिटं नकोत. मार्च १९३४ मध्ये बाबासाहेबांनी दादासाहेबांना पत्र लिहिलं. आपल्या लोकांनी मूर्तिपूजक व्हावं म्हणून मी हा लढा सुरू केला नव्हता, त्यांच्यात चेतना यावी आणि आपल्या स्थितीची जाणीव व्हावी म्हणून केला, असा त्या पत्राचा आशय आहे. पुढच्या वर्षी, १३ ऑक्टोबर १९३५ ला, याच जिल्ह्यातल्या येवल्याला त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं. म्हणजे काळाराम हा आमच्यासाठी दार ठोठावण्याचा शेवट आहे. तिथून आम्ही वळलो. आता रथापुढे माईकवर कुणीतरी आमची हकीकत सांगणार, लोक हात जोडणार, 'पाहा, आपण किती बदललो' म्हणणार आणि दोर ओढायला लागणार. यात आमच्या लढ्याचा शेवट बदलतो. तो मंदिरात शिरल्यावर संपल्यासारखा दिसतो. तसा तो संपला नाही.

परदेशी नाशिककर

रमाईची लेक यांचा मुद्दा विचार करण्यासारखा आहे, पण पूर्ण पटत नाही. १९४७ च्या मे महिन्यात विठ्ठल मंदिर सर्वांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केलं. ती आठवण वारकरी आपली मानतात. वाद होता तेव्हा अनेक बडवे आणि कीर्तनकार गुरुजींच्या विरोधात होते, तरीही. ज्यांनी दार बंद केलं होतं त्यांच्या वारसांनी ती गोष्ट स्वतः सांगणं याला काहीच किंमत नाही का?

रमाईची लेक

किंमत आहे. पण गुरुजी आतल्या बाजूचे होते, उपोषण त्यांनी आपल्याच माणसांसाठी केलं. काळाराममध्ये आतल्या बाजूने असं उपोषण झालं नाही. आतल्यांना सांगायचं असेल तर त्यांनी आपली बाजू सांगावी. दारं कुणी बंद केली, समझोता कुणी मोडला, रथ कुणी पळवला. आमच्या शौर्याचं वर्णन आम्ही करू.

गोदाकाठची

हे पटलं, आणि माझी मागणी मी बदलते. निवेदनातली पाच मिनिटं मागे घेते. माईकवर आणि गर्दीत ही गोष्ट खरंच पातळ होईल, आणि ती सांगणारा प्रत्येक वर्षी वेगळा असेल. फलकाची मागणी मात्र कायम. तो मंदिराच्या आवारात नको, सार्वजनिक रस्त्यावर, रथ जिथून बाहेर पडतो तिथे. महानगरपालिकेचा रस्ता, महानगरपालिकेचा फलक. वर्षभर उभा राहील, एकादशीलाही. मजकुरात समझोता मोडल्याचं स्पष्ट लिहावं, 'तणाव निर्माण झाला' असली गुळमुळीत भाषा नको. आणि १९३४ च्या पत्राचा आशय आणि येवला त्यात हवंच, म्हणजे वाचणाऱ्याला कळेल की गोष्ट मंदिरात संपली नाही.

पंचवटीकर

निवेदनाची मागणी मागे घेतलीत, बरं झालं. फलकालाही माझा अजून होकार नाही. पण रस्त्यावर असेल तर अडवणारा मी कोण? दोनच गोष्टी. एक, दोर ओढणाऱ्या सगळ्यांना एका रंगात रंगवू नका. त्या दिवशी समझोत्याला हो म्हणणारेही सवर्णांतच होते, नाही तर समझोता झालाच नसता. दोन, फलक लागायच्या आधी मजकूर तालमीतल्या पोरांना वाचायला द्या. मी स्वतः वाचून दाखवीन. त्यांना तो पहिल्यांदा रस्त्यावर, रथ खेचत असताना दिसायला नको.

रमाईची लेक

समझोत्याला हो म्हणणाऱ्यांचं लिहा, हरकत नाही, खरं आहे ते. माझी एक अट. मजकुरात त्या २५ बायका हव्यात, आणि पहिल्या ओळींत हव्यात. नेत्यांची नावं सगळीकडे असतात. दारावर ज्या बसल्या त्यांच्यातल्या कुणाकुणाची नावं आजही नाशिकच्या घराघरांतल्या म्हाताऱ्यांना आठवतात. मजकूर लिहायच्या आधी ती गोळा करा, मी माझ्या बाजूच्या वस्त्यांपासून सुरुवात करते.