पंपाशेजारच्या विहिरीत पेट्रोल: एका स्वच्छ नमुन्याने प्रकरण मिटते का?

मांजराकाठ (धागाकर्ता, लातूर जिल्हा)
हमरस्त्यावरच्या एका पेट्रोल पंपापासून शंभरेक पावलांवर आमची विहीर आहे. गेल्या श्रावणात तिच्या पाण्याला पेट्रोलचा वास येऊ लागला आणि पुढे तवंगही दिसला. पंपमालकांनी जुनी टाकी काढून नवी बसवली, दोन दिवस विहीर उपसून दिली आणि मेअखेरीस घेतलेला नमुना स्वच्छ आल्यावर प्रकरण मिटल्याचे सांगितले. माझ्या मते ते मिटलेले नाही, कारण तपास असा झालेलाच नाही. पेट्रोल पाण्याहून हलके असल्याने भूजलाच्या पातळीवर तरंगते. उन्हाळ्यात पातळी काही मीटर खाली गेली की तेही उतरते, वाटेतल्या मुरुमाला चिकटून राहते आणि पावसाळ्यात पाणी चढले की पुन्हा त्यात मिसळते. पंपाभोवती निदान तीन निरीक्षण विहिरी घेऊन वर्षभर पातळी आणि नमुने तपासावेत व तो खर्च पंपाने सोसावा, अशी माझी मागणी आहे. ती अवाजवी आहे का?

पंपचालक, बीड
मी स्वतः याच व्यवसायात आहे, म्हणून बोलतो. आम्ही रोज टाकीत डिप, म्हणजे पातळी मोजायची पट्टी, टाकून साठ्याचा हिशेब ठेवतो. गळती झाली तर पहिला तोटा आमचाच होतो. तवंग विहिरीवरच्या डिझेल इंजिनामुळेही येतो आणि हमरस्त्यावर गॅरेज काही कमी नसतात. गळतीचे मूळ बंद झाल्यावर उरलेले पेट्रोल मातीतले जिवाणू खातात, हे शास्त्रालाही मान्य आहे. अशा वेळी वर्षभराचा खर्च लहान पंपावर लादणे म्हणजे उंदरासाठी डोंगर पोखरणे होय.

निवृत्त भूवैज्ञानिक
डिपवरचा आपला विश्वास मला पटत नाही. २०,००० लिटरची आडवी टाकी मध्यापर्यंत भरलेली असताना पातळीतला एक मिलिमीटर म्हणजे साधारण १३ लिटर. दिवसाला पाच लिटर झिरपत असतील तर ते बाष्पीभवनाच्या घटीत सहज लपतात आणि वर्षाकाठी १,८०० लिटर होतात. आता दुसरा हिशेब पाहा. आपल्याकडील पेट्रोलमध्ये बेंझिन हा विषारी घटक एक टक्क्यापर्यंत चालतो आणि पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. म्हणजे त्या प्रमाणाच्या एका लिटर पेट्रोलमधले बेंझिन कागदावर तरी पावणेनऊ लाख लिटर पाणी त्या मर्यादेपर्यंत दूषित करायला पुरते. तुरटीने किंवा क्लोरीनने ते जात नाही. इंजिनाचे डिझेल की पंपाचे पेट्रोल, हे मात्र प्रयोगशाळेत वेगळे ओळखता येते. तेवढी शंका फिटवून घ्यावीच.

जिवाणूंचे म्हणणे खरे आहे, पण अर्धे. पेट्रोलमधले इथेनॉल ते आधी खातात, त्यात पाण्यातला ऑक्सिजन संपतो आणि बेंझिन जास्त काळ टिकून राहते.

धागाकर्त्यांनाही एक दुरुस्ती सुचवतो. पातळी उतरते तेव्हा मोकळे पेट्रोल निथळून विहिरीत येते, म्हणून तवंग पुष्कळदा उन्हाळ्यातच जाड दिसतो. विरघळलेला अंश मात्र पाणी चढल्यावर वाढू शकतो. म्हणूनच दोन्ही ऋतूंतले नमुने हवेत. शिवाय आपल्या बेसाल्टमध्ये पाणी मुरूम, मांजऱ्या (सच्छिद्र खडक) आणि काळ्या पाषाणातल्या फटींतून वाकडेतिकडे जाते, त्यामुळे तीन विहिरींवरून मिळणारी प्रवाहाची दिशा हा केवळ पहिला अंदाज समजावा. आणि घाईने खोल बोअर मात्र पाडू नका. वरच्या थराला केसिंग घालून ते नीट बंद केले नाही, तर वरची घाण खालच्या चांगल्या पाण्यात उतरवण्याची वाट आपणच करून देतो.

उदगीरकर
वर्षभर मोजत बसायचे आणि तोवर लोकांनी काय प्यायचे? मोकळे पेट्रोल वरच्यावर काढून घ्यावे, पाणी सतत उपसून हवेच्या झोताने आणि सक्रिय कोळशाने शुद्ध करावे. तपास त्यासोबत चालू द्यावा.

निवृत्त भूवैज्ञानिक
मोकळे पेट्रोल काढण्याला माझा विरोध नाही; ते आजच काढावे. विरोध आहे तो आंधळ्या उपशाला. उपसा सुरू झाला की चारी बाजूंचे पाणी त्या विहिरीकडे ओढले जाते. पेट्रोल नेमके कुठे आहे हे ठाऊक नसेल तर ते स्वच्छ भागातूनही ओढले जाईल. २०१६ मध्ये लातूरने मिरजेहून रेल्वेने आलेले पाणी प्यायले आहे. तिथे लाखो लिटर उपसून ओढ्यात सोडण्याची कल्पना मला सहन होत नाही. शुद्ध केलेले पाणी परत कुठे मुरवायचे, हे आधी ठरवा. तोवर बाधित घरांना टँकर द्यावा, आणि तो पंपाच्या खर्चाने.

मांजराकाठ
दुरुस्ती मान्य आहे. त्या दोन दिवसांच्या उपशाचे पाणी ओढ्यातच गेले होते आणि खालच्या अंगाला आणखी दोन विहिरी आहेत, हे मला आत्ता उमगते आहे. जुलै २०२५ मध्ये केंद्राने दूषित स्थळांबाबत नियम काढले असून त्यांत स्थळाच्या प्राथमिक तपासणीची आणि जबाबदार व्यक्तीकडून खर्च वसूल करण्याची तरतूद आहे. त्यांच्या आधारे जिल्हा प्रशासनाकडे अर्ज करतो.

पंपचालक, बीड
तीन निरीक्षण विहिरींपर्यंत मीही येतो. मात्र दूषित पाणी पंपाचेच, हे आधीच गृहीत धरू नका. एक विहीर गॅरेजच्या बाजूला घ्या आणि प्रत्येक नमुन्याच्या दोन बाटल्या दोन्ही पक्षांसमोर सीलबंद करून वेगवेगळ्या प्रयोगशाळांत पाठवा. टँकरचा खर्च मात्र निकाल येईपर्यंत पंपावर टाकणे मला मान्य नाही.

उदगीरकर
निकाल पुढच्या पावसाळ्यानंतर येणार, तहान आज लागते. टाकी बदलावी लागली, एवढा पुरावा टँकरपुरता पुरेसा आहे.