शाळेच्या मदतीसाठी संध्याकाळ ठेवायची आहे, थीम सुचवा (नागपूर, मानेवाडा भाग)

मानेवाड्याची आई

नमस्कार मंडळी. आमच्या वस्तीत सातवीपर्यंतची एक छोटी शाळा आहे. विनाअनुदानित, सेमी-इंग्रजी, गणित-विज्ञान इंग्रजीतून, बाकी सगळं मराठीतून. माझी मुलगी तिसरीत आहे. घरी पाढे म्हणताना "सात सक बेचाळीस" झालं की लगेच "सेव्हन सिक्सेस आर फॉर्टी टू", कुठेच अडत नाही. ही शाळा टिकली पाहिजे असं मला फार वाटते.

वाचनालय म्हणजे एक कपाट. त्यात देणगीत आलेली इंग्रजी पुस्तकं आहेत, मराठी गोष्टींची पुस्तकं जवळपास नाहीतच. वरच्या वर्गांना विज्ञानाच्या प्रयोगांचं सामानही पाहिजे. म्हणून पालक-शिक्षक संघानं निधीसाठी एक संध्याकाळ ठेवायचं ठरवलं. बैठकीत 'रेट्रो बॉलीवूड नाइट' सुचली: लॉन, डीजे, जोडीला हजार रुपये.

आमच्या शाळेत ऑटो चालवणाऱ्यांची मुलं आहेत, भाजीचा ठेला लावणाऱ्यांची आहेत, आणि फ्लॅटस्कीममधल्या बँकवाल्यांची-इंजिनीअरांचीही आहेत. हजाराचं तिकीट लावलं तर अर्धे पालक स्वतःच्याच शाळेच्या कार्यक्रमाला येणार नाहीत. लॉनचं भाडं आणि डीजे वजा जाता उरणार किती, हेही आहेच. नुसता विरोध करायला मला बैठकीत उभं राहायचं नाही. दुसरं काही ठोस घेऊन जायचं आहे, आणि पैसाही उभा राहिला पाहिजे.

महालचा निवृत्त मास्तर

ताई, तान्हा पोळा करा.

नागपुरात हा सण भोसल्यांच्या काळापासून आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं लाकडी नंदी सजवून घरोघरी जातात आणि मोठी माणसं त्यांच्या हातावर बोजारा ठेवतात. कोणी दहा रुपये देते, कोणी पाचशे. कमी दिलं म्हणून कोणाला लाज वाटत नाही. तुम्हाला पाहिजे ती रीत आपल्याकडे आधीच आहे. या वर्षी पोरांचा बोजारा शाळेला, एवढंच सांगायचं.

शाळेच्या अंगणात आंब्याच्या पानांचं तोरण बांधा, त्याखाली नंदी ओळीनं उभे करा. महाल-इतवारीकडच्या जुन्या घरांत आजोबा-पणजोबांच्या काळचे नंदी अजून आहेत. चाकांवरचे, काही तर पोरांपेक्षा उंच. प्रेमानं मागितले तर लोक एका संध्याकाळपुरते देतात, आणि नंदीबरोबर घरची मंडळीही येतात. तेच तुमचे देणगीदार. फक्त प्रत्येक नंदीजवळ एक मोठा माणूस बसवा. जुनी शिंगं लवकर निखळतात.

प्रत्येक नंदीजवळ दोन मुलं ठेवा. पाहुण्यानं मराठीत विचारलं तर मराठीत, इंग्रजीत विचारलं तर इंग्रजीत सांगायचं: ही झूल, ही घुंगरमाळ, शिंगांना बेगड काऊन लावते, वेसण कशासाठी. शाळा काय शिकवते ते लोकांना तिथंच ऐकू येईल, स्टेजवरून भाषण नको.

आणि झडत्या! पोळ्यात तोरणाखाली म्हणतात त्या यमकाच्या ओळी. आठवडाभर आधी मुलांकडून नव्या लिहून घ्या, दोन्ही भाषांत. मी असतो तर सुरुवात करून दिली असती:

पाटी फुटली, फळा फुटला, खडू अजून चालतो
आमचा नंदी मराठी आन् इंग्रजी दोन्ही बोलतो

पुढचं पोरं जुळवतील. मी वर्गात हे करून घेतलं आहे. यमक जुळवायचं म्हटलं की मागच्या बाकावरचा पोरगाही वही उघडते.

पावतीबुक

मी हिशेबाच्या कामात आहे, म्हणून तेवढंच बोलतो. पालक संघानं स्वतःच्या नावावर पैसे गोळा करू नयेत. शाळा ज्या नोंदणीकृत संस्थेची आहे तिच्याच पावत्या फाडा. नोंदणी नसलेल्या मंडळाला वर्गणी काढायची तर धर्मादाय कार्यालयाकडे कलम ४१क खाली परवानगीला जावं लागते, जसं गणेश मंडळं जातात.

खाण्याचं कुपन ही देणगी नव्हे, ते वेगळं ठेवा. संस्थेकडे देणगीवरच्या करसवलतीची मान्यता (८०जी म्हणतात ती) असेल तर देणगीदाराचं नाव, पत्ता, पॅन घ्या. दोन हजारांवरची रोख देणगी त्या सवलतीत बसत नाही, त्यांना चेक किंवा ऑनलाइन सांगा.

बोजाऱ्याचं पाकीट बंदच असू द्या, पण आत नावाची चिठ्ठी टाकायला सांगा. नाव नसलेल्या देणग्या वर्षाला एक लाख किंवा एकूण देणग्यांच्या ५ टक्के, यात जे जास्त असेल त्याच्या वर गेल्या तर वरच्या रकमेवर ३० टक्के कर लागतो. पाकिटं कोषाध्यक्ष आणि दोन पालक मिळून उघडा, आकडा तिथंच वहीत चढवा. लकी ड्रॉची तिकिटं विकू नका, परवानगीशिवायची लॉटरी कायद्यात बसत नाही.

इतवारीच्या काकू

कल्पना छान आहे जी, पण त्याच दिवशी नका ठेवू. त्या दिवशी मारबतीची मिरवणूक निघते, इकडून तिकडे जाणं होत नाही, आणि संध्याकाळी प्रत्येक मोहल्ल्यात पोरांचा तान्हा पोळा असतोच. नंतरचा रविवार घ्या. तोवर नंदी सजलेलेच असतात. पाण्याचा भरवसा नसतो, तेव्हा वर्ग मोकळे करून ठेवा.

खायला तर्री-पोहे नको, ते सकाळचं. पुडाची वडीही नको, पावसाळ्यात सांबार, म्हणजे कोथिंबीर, किती महाग असते! आलूबोंडा आणि त्यावर तर्री. बटाटे आदल्या रात्री उकडून ठेवता येतात, आणि गरम गरम निघाला की माणूस दुसरा मागतेच. तेल-बेसन पालकांनी वाटून आणलं तर कुपनाचे पैसे जवळपास सगळेच उरतात.

मानेवाड्याची आई

मास्तर, काकू, पावतीबुकदादा, खरंच खूप आभार. बोजारा मला सुचलाच नव्हता. एक ठरवलं आहे, पूजा ठेवायची नाही. आमच्याकडे बौद्ध आणि मुस्लिम घरांतलीही पुष्कळ मुलं आहेत, आणि बैल राबतो तो सगळ्यांच्या पोटासाठी. सजवणं, झडत्या, खाणं, यात सगळेच येतील.

कुपन वीस रुपयांचं ठेवू म्हणते. लॉन नाही, डीजे नाही, तर खर्च मांडव आणि तेलाचाच.

महालचा निवृत्त मास्तर

बरोबर आहे. आणि जमा पैशातून पहिली खरेदी पुस्तकांची करा, मुलांना दुकानात घेऊन जा, त्यांना निवडू द्या. माझ्या घरी हातभर उंचीचा एक नंदी आहे, तो देतो.

मानेवाड्याची आई

घ्यायला मीच येते मास्तर. बाकी कोणाकडे घरचा नंदी असेल तर इथंच कळवा. न्यायची-आणायची सोय पालकांचे ऑटो करतील, भाडं लागणार नाही.