जुनी अँशुट्झ १९०७ मॉडेलची रायफल बघतेय: बॅरल कशी पारखायची, आणि काडतूस कुठलं?

पंचगंगा_काठ

नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरची. एअर रायफल बरीच वर्षं केली, आता ५० मीटरकडे वळलेय, प्रोन (पालथं झोपून) आणि थ्री पोझिशन (गुडघ्यावर, झोपून, उभं राहून). क्लबची रायफल चौघांत वाटून वापरतो. माझ्याआधी ती वापरणाऱ्या मुलाचे हात एवढे लांब की खांद्याला टेकणारी बटप्लेट आणि गालाखालचा चीकपीस पुन्हा जागेवर आणण्यातच माझा जीव जातो.

पुण्यातले एक जुने नेमबाज काका त्यांची अँशुट्झ १९०७ विकताहेत. सिंगल शॉट, मॅच ५४ ॲक्शन (बोल्टची यंत्रणा), अक्रोडाचा स्टॉक, मूळ डायॉप्टर साइट (बारीक छिद्रातून नेम धरायची) सोबत. बोल्टच्या मुठीवरचं ब्लूइंग (निळसर-काळा मुलामा) हाताळून हाताळून पांढरं पडलंय, बाकी देखणी आहे. काका म्हणतात, "टेनेक्सने ११ मिलिमीटरचा ग्रुप देते." (टेनेक्स म्हणजे एली कंपनीचं महाग काडतूस, ग्रुप म्हणजे लागोपाठच्या गोळ्यांच्या छिद्रांचा पसारा.) किती राउंड झालेत विचारलं तर हसले आणि म्हणाले, "मोजायचे असतात होय?"

बाबांचं मत, जुनी बंदूक म्हणजे जुनी बुलेट मोटरसायकल, आधी आवाज ऐकायचा. त्याने माझं समाधान होत नाही. नेमकं काय बघू? आणि टेनेक्स मला परवडणार नाही, मग त्या ११ मिलिमीटरचा मला उपयोग काय?

आडवा_वारा

शेवटचा प्रश्न सर्वांत शहाणा विचारलास, पण त्यावर नंतर येतो.

आधी काकांना विचार, ११ मिलिमीटर कुठून कुठपर्यंत? छिद्रांच्या बाहेरच्या कडा धरून की मध्य ते मध्य? या रायफलची पॉइंट टू टू ची गोळी ५.६ मिलिमीटर जाड. म्हणजे मध्य ते मध्य ११ असेल तर कडांपासून साडेसोळा-सतरा होतो. दोन्ही वाईट नाहीत, पण दोन्हींची किंमत एक नाही. आणि पाच गोळ्यांचा ग्रुप मला दाखवायचाच नाही. पाचाचा ग्रुप कुठलीही रायफल एखाद्या दिवशी देते. दहा-दहाचे सलग चार लावा, मग बोलू.

५० मीटरच्या टार्गेटवर दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं, रेषेला स्पर्श झाला तरी दहा. म्हणजे गोळीचा मध्य केंद्रापासून ८ मिलिमीटरपर्यंत सरकला तरी चालतो. ऐकायला खूप वाटतं, पण त्यातलं निम्मं रायफलनेच खाल्लं तर तुझ्या श्वासाला आणि वाऱ्याला काय उरलं? फायनलमध्ये तर दशांशाचा हिशेब. स्वप्नील कुसाळेचं पॅरिस ऑलिंपिकचं ब्रॉंझ ४५१.४ वर आलं.

आता बॅरल. शिशाच्या गोळीने नळीतल्या खोबण्या फारशा झिजत नाहीत. मार बसतो तो चेंबर (काडतूस बसतं ती जागा) संपतो तिथे, खालच्या बाजूला, घड्याळात सहा वाजतात तिथे. काडतुसाच्या प्रायमरमध्ये (ठिणगी पाडणाऱ्या मसाल्यात) काचेचे बारीक कण असतात, ते तिथे घासतात, आणि त्यावर कार्बनचं कडं चढतं. बोअरस्कोपने (नळीत घालायच्या बारीक कॅमेऱ्याने) बघ. नुसतं कडं असेल तर साफ होतं. खाली धातूच खरखरीत झाला असेल तर किंमत पाडून माग, नवी बॅरल बसवण्याचा खर्च धरून.

मग घट्ट पॅच (कापडाचा तुकडा) लावलेला रॉड चेंबरकडून हळू ढकल. सुरुवातीपासून तोंडापर्यंत अडथळा एकसारखा लागला पाहिजे. मध्येच सैल झाला तर तिथे काहीतरी आहे. आपल्या पावसाळ्यात फोमच्या केसमध्ये बंद राहिलेल्या रायफली मी बऱ्याच बघितल्यात, बाहेरून आरसा आणि आत गंज. तोंडाच्या कडेवर, म्हणजे क्राउनवर, कापूस फिरव. धागा अडकला तर कडेला ओरखडा आहे.

आणि चेंबरच्या मागच्या कडेला फायरिंग पिनची खूण उमटलीय का बघ. रिमफायर (काडतुसाच्या कडेवर पिन ठोकणारी) रायफल रिकामी चालवत राहिलं की पिन कधीकधी तिथेच ठोकते.

पंचगंगा_काठ

विचारलं! पाच गोळ्या, मध्य ते मध्य. आणि ज्या लॉटचं (एका खेपेत बनलेलं) टेनेक्स होतं ते कधीच संपलंय.

आडवा_वारा

मग ते ११ मिलिमीटर विसर. संपलेल्या लॉटचा ग्रुप काकांच्या अल्बममध्ये शोभतो.

काडतुसाचं नाव विकत घेऊ नकोस, लॉट विकत घे. एकाच नावाच्या दोन लॉटमध्ये तुझ्या बॅरलपुरता जमीन-अस्मानाचा फरक पडू शकतो, म्हणून तर मोठे नेमबाज बर्मिंगहॅमला एलीकडे किंवा जर्मनीत शोनेबेकला लापुआ या काडतूस कंपनीकडे रायफल क्लॅम्पमध्ये बांधून लॉट निवडतात. एसके ब्रँडची स्वस्त काडतुसंही त्याच शोनेबेकची. एखाद्या बॅरलला एसके इतकं मानवतं की महागाचं काही नको वाटतं.

गणित करून बघ. मॅच काडतुसाची २.६ ग्रॅमची गोळी सेकंदाला ३२५-३३० मीटरने निघते, मुद्दाम ध्वनीच्या वेगाखाली. दोन गोळ्यांच्या वेगात १० मीटरचा फरक पडला तर ५० मीटरवर उभ्यात सात-आठ मिलिमीटर. रिंगांमधलं अंतरच ८ आहे! आडवं पसरलं तर वारा किंवा तू. वाऱ्याविना नुसतं उभं पसरत असेल तर आधी काडतुसावर संशय घे.

म्हणून काकांच्या रेंजवर, काकांसमोर, तुझ्या क्लबमध्ये पुढचं वर्षभर जो लॉट मिळणार आहे त्याचीच पाकिटं लाव. ब्रँड बदललास की पहिल्या पंधरा-वीस गोळ्या धरू नकोस, बॅरलमध्ये आधीचं मेण असतं.

तहसील_ते_टार्गेट

कागदांचं कुणीच बोललं नाही. ताई, आधी तुमच्या परवान्यावर पॉइंट टू टू रायफलची मंजुरी हवी, मग पैसे. टोकनसुद्धा नको. विकणाऱ्याने शस्त्र अधिनियमाच्या कलम ५ नुसार लेखी कळवून ४५ दिवस थांबायचं असतं. तुमचा अर्ज कोल्हापूरला जिल्हाधिकाऱ्यांकडे, त्यांचा पुण्यात पोलिस आयुक्तालयात, म्हणजे दोन टेबलं आणि दोन सुट्ट्यांची कॅलेंडरं. रायफलवरचा नंबर, त्यांच्या परवान्यावरचा नंबर आणि आयातीच्या कागदावरचा नंबर स्वतः जुळवा. खेळाडू म्हणून सवलतीत आणलेली असेल तर पुनर्विक्रीच्या अटी काय आहेत ते त्याच कागदावर वाचा. आणि काडतुसांची पाकिटं क्लबच्या कागदांशिवाय पुण्याला नेऊ नका.

उजवा_डोळा

बॅरलपुराण मान्य, पण ट्रिगरकडे बघाच. दोन टप्प्यांचा असतो. पहिला टप्पा संपून भिंत लागते, ती प्रत्येक वेळी त्याच जागी लागली पाहिजे. आणि तुझे हात आखूड असतील तर त्या अक्रोडाच्या स्टॉकची लांबी बटप्लेट पूर्ण आत घेऊन तपास. मापात नाही बसला तर उत्तम बॅरलही मानेचं दुखणं देईल.

पंचगंगा_काठ

बाबांना हे सगळं वाचून दाखवलं. ते अजूनही आवाज ऐकायचाच म्हणताहेत :) परवान्याचा अर्ज आधी टाकते. पुण्यात बोअरस्कोप कुणाकडे मिळेल?

आडवा_वारा

माझ्याकडे आहे. व्यनि (खाजगी निरोप) कर. कॅमेऱ्याचं टोक चेंबरमध्ये घालण्याआधी बोल्ट पूर्ण काढायचा आणि तो काकांच्या हातात द्यायचा, एवढी अट.