जबरदस्त आणि जबरदस्ती : राजघराण्यातील प्रेमकादंबऱ्यांच्या नायकाला काय म्हणावे?

जळगावात आम्ही काही जणी दर महिन्याला एकत्र बसून वाचलेल्या पुस्तकांविषयी बोलतो. गेल्या दोन बैठकींत राजघराण्यातील प्रेमकादंबऱ्यांचा विषय निघाला आणि चर्चा एका शब्दापाशी अडली. या कादंबऱ्यांतला युवराज किंवा महाराज नायिकेला न विचारता तिचे लग्न ठरवतो, तिने कुठे जावे आणि कोणाशी बोलावे हे सांगतो, रागावला की दरवाजे बंद करून घेतो, आणि तरीही वाचकाला तो आवडतो. अशा नायकासाठी मराठीत नेमका शब्द कोणता?

तरुण वाचक सरळ ‘अल्फा’ म्हणतात. हा शब्द लांडग्यांच्या अभ्यासातून आला आहे. रूडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ साली बंदिस्त लांडग्यांच्या निरीक्षणावरून कळपातल्या वर्चस्वाची मांडणी केली आणि पुढे डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या पुस्तकामुळे ती सर्वदूर पोहोचली. परंतु १९९९ साली मेक यांनीच दाखवून दिले की रानातला कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिले असे एक कुटुंब असते, आणि झुंजून मिळवलेल्या नेतेपदाची कल्पना त्याला लागू पडत नाही. ज्या प्राण्यावरून हा शब्द घेतला त्यालाच तो शोभत नसेल, तर आमच्या युवराजाला तो का चिकटवावा, हे मला कळत नाही. ‘वर्चस्ववादी’ हा शब्दही मला पटत नाही. ‘वादी’ म्हटले की विचारसरणी आली, आणि हा नायक कोणताही वाद मांडत नाही. तो वाढलाच अशा वाड्यात की जिथे त्याला कोणी ‘नाही’ म्हटलेले नाही.

‘हुकमी’ हा शब्द जवळचा वाटतो, पण हुकमी एक्का आणि हुकमी इलाज यांमुळे त्याचा अर्थ ‘हमखास लागू पडणारा’ असा रूढ झाला आहे, त्यामुळे ‘हुकमी नायक’ म्हटल्यास भलताच समज होईल. अमळनेरच्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी ‘करारी’ सुचवला. त्यांच्याविषयी आदर ठेवून मी असहमत आहे. करारी माणूस शब्दाला पक्का असतो, म्हणजे तो आधी स्वतःला बांधून घेतो आणि मग इतरांकडून अपेक्षा करतो; आपला नायक मात्र इतरांना बांधतो आणि स्वतः मोकळा राहतो. ‘रुबाबदार’ हे त्याच्या चालण्याबोलण्याचे, पोशाखाचे वर्णन झाले. रुबाब दुरून पाहायचा असतो, आणि नायिका तर त्याच्या घरात राहते.

मला सर्वांत बोलका वाटतो तो ‘जबरदस्त’. फारसीत ‘जबर’ म्हणजे वर आणि ‘दस्त’ म्हणजे हात. ज्याचा हात वर आहे तो जबरदस्त. मराठीत मात्र या एकाच मुळाला दोन फांद्या फुटल्या. ‘जबरदस्त’ ही शाबासकी झाली आणि ‘जबरदस्ती’ हा अपराध राहिला. कुस्ती जबरदस्त होते, भाषण जबरदस्त होते, परंतु जबरदस्ती कोणालाही चांगली वाटत नाही. या कादंबऱ्यांविषयीचे आमचे सारे मतभेद या दोन शब्दांच्या मधल्या जागेत आहेत. जो नायक कपटी दरबाऱ्यांपुढे, लोभी काकापुढे किंवा शेजारच्या राजापुढे हात वर ठेवतो, तो वाचकाला जबरदस्त वाटतो. तोच हात नायिकेच्या मनगटावर आला की जबरदस्ती सुरू होते, मग लेखकाने त्या प्रसंगाला कितीही चांदणे आणि मोगरा जोडला तरी.

धुळ्याच्या एका वाचक मैत्रिणीने यावर मांडलेला मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. तिच्या मते वाचकाला हुकूम सोडणारा माणूस आवडत नाही. साऱ्या जगाला नमवणारा माणूस एका व्यक्तीपुढे नमतो, ते पाहणे आवडते. हे खरे असेल तर पहिल्या प्रकरणातल्या नायकाला लावलेला शब्द शेवटच्या प्रकरणात चालणारच नाही. हा बदल मराठीत सर्वनामांतून जितका स्पष्ट दिसतो तितका इंग्रजीत दिसू शकत नाही. तिथे एकच सर्वनाम सर्वांना पुरते. मराठी अनुवादकाला मात्र प्रत्येक वाक्यात ‘तू’, ‘तुम्ही’ की ‘आपण’ हे ठरवावे लागते. नायक सुरुवातीपासून ‘तू’ म्हणतो आणि ती अखेरपर्यंत ‘आपण’ म्हणते, अशा अनुवादात कथानकाने नायकाला नमवले तरी भाषेने त्याला सिंहासनावरच ठेवलेले असते. अनुवादकांनी याकडे फार बारकाईने पाहावे, असे मला मनापासून वाटते.

आपल्या जुन्या साहित्यशास्त्राने हा भेद कधीच केला होता. धनंजयाच्या ‘दशरूपका’त नायकांचे चार प्रकार आहेत : धीरोदात्त, धीरललित, धीरप्रशांत आणि धीरोद्धत. प्रेमात रमलेला, कलासक्त, मृदू स्वभावाचा राजा तो धीरललित, आणि वत्सराज उदयन हे त्याचे उदाहरण. दर्प, मत्सर आणि कपट यांनी भरलेला तो धीरोद्धत. त्याच्या उदाहरणांत रावण येतो. आजच्या राजेशाही प्रेमकथेने धीरोद्धत नायक उचलून धीरललिताच्या जागी बसवला आहे. समीक्षा लिहिताना ‘उद्धत’ हा शब्द म्हणूनच उपयोगी पडेल, परंतु बोलण्यात तो जड होतो. बोलण्यात मी ‘हुकमत गाजवणारा’ म्हणते, कारण ‘गाजवणे’ या क्रियापदामुळे कोणावर गाजवतो, हा प्रश्न लगेच उभा राहतो.

पारोळ्याच्या माझ्या मावशीने मात्र एका शब्दात निकाल दिला. मी तिला एका कादंबरीची कथा सांगत होते, नायकाने नायिकेचे पत्र फाडले इथपर्यंत ऐकून ती अहिराणीत म्हणाली, “तो मातेल शे.” मातेल म्हणजे मातलेला, आणि मातणे आले आहे ‘मत्त’ या शब्दावरून, म्हणजे मदावरून. ते ऐकून मला बाणभट्ट आठवला. ज्याच्या सातव्या शतकातल्या ग्रंथावरून मराठीने ‘कादंबरी’ हे नाव घेतले, तोही एका युवराजाच्या प्रेमाचीच कथा सांगतो, आणि त्यात यौवराज्याभिषेकापूर्वी मंत्री शुकनास चंद्रापीडाला बजावतो की जन्मजात ऐश्वर्य, नवे तारुण्य, अप्रतिम रूप आणि अमानुष शक्ती ही अनर्थाची मोठी मालिका आहे. आजच्या मुखपृष्ठांवर नायकाचे गुण म्हणून नेमक्या याच चार गोष्टी छापलेल्या असतात. शुकनास ज्या मदाविषयी बोलत होता, तोच माझ्या मावशीच्या ‘मातेल’मध्ये आहे.

अमळनेरच्या बाई अजूनही ‘करारी’वर ठाम आहेत. पुढच्या बैठकीला त्या अशी एक कादंबरी आणणार आहेत, जिच्यात नायक नायिकेला दिलेला शब्द राज्य गमावूनही पाळतो.