मनमोहनसिंगांचे नोटाबंदीवरील भाषण : दोन टक्क्यांचा अंदाज चुकला होता का?

अमळनेरकर
२४ नोव्हेंबर २०१६ रोजी डॉ. मनमोहनसिंग यांनी राज्यसभेत नोटाबंदीवर केलेले भाषण नुकतेच पुन्हा वाचले. ‘संघटित लूट’ हे शब्द सर्वांनाच आठवतात, परंतु माझा प्रश्न त्यातील आकड्याविषयी आहे. राष्ट्रीय उत्पन्न सुमारे दोन टक्क्यांनी घटू शकते आणि हा अंदाजही कमीच आहे, असे ते म्हणाले होते. पुढे २०१६-१७ चा सुधारित वाढदर मात्र आठ टक्क्यांच्या वर निघाला. मग त्यांची टीकाच चुकीची ठरते का?

निवृत्त गटसचिव
आकड्यांचे जाणकार सांगतील. ग्रामीण भागातील सहकारी बँका ठप्प झाल्या असून त्यांना रोकड हाताळू दिली जात नाही, असेही त्याच भाषणात आहे, आणि त्याचा मी साक्षीदार आहे. १४ नोव्हेंबरला रिझर्व्ह बँकेने जिल्हा मध्यवर्ती बँकांना जुन्या नोटा बदलून देण्यास आणि जमा करून घेण्यास मनाई केली. आमच्याकडे तर शेतकऱ्याचे खाते, पीककर्ज आणि सोसायटीचा भरणा सगळे त्याच बँकेत. एक वयस्कर सभासद पाचशेच्या नोटा रुमालात बांधून कर्ज भरायला आले होते. मी त्या मोजल्यासुद्धा नाहीत. या बँकांतून काळा पैसा पांढरा होईल ही शंका अगदीच निराधार होती असे मी म्हणणार नाही, पण त्यासाठी तपासणी करता आली असती.

तापीकाठ
काका म्हणतात ते खरे आहे. तो कापूस वेचणीचा ऐन हंगाम होता. खेडा खरेदीला येणारे व्यापारी दोन भाव सांगत : जुन्या नोटा घेतल्या तर जास्त, चेक घेतला तर कमी. वेचणीची मजुरी किलोवर असते आणि बाजाराच्या दिवशी ती रोख द्यावी लागते. मी चार बायांना मिळून दोन हजारांची एक नोट दिली, तेव्हा मोड मिळावी म्हणून चौघींनी एकाच किराणा दुकानात, गरज नसताना, तेल आणि साखर घेतली. हा खर्चही राष्ट्रीय उत्पन्नात वाढ म्हणूनच धरला गेला असेल, नाही का?

धुळे-अर्थशास्त्र
आपला टोला योग्य ठिकाणी बसला आहे. असंघटित क्षेत्राचे उत्पन्न तेव्हा दरवर्षी थेट मोजले जात नव्हते. जुनी सर्वेक्षणे आणि बऱ्याच अंशी संघटित क्षेत्राचे निर्देशक यांवरून ते अंदाजले जात असे. त्यामुळे रोकडीवर चालणाऱ्या व्यवहारांना बसलेला फटका त्या आकड्यात पुरता उतरला नाही. एप्रिल-जून २०१७ च्या तिमाहीचा वाढदर प्रथम ५.७ टक्के इतका कमी जाहीर झाला होता, पण १ जुलैपासून जीएसटी लागू होणार असल्याने व्यापाऱ्यांनी साठा कमी केला होता, म्हणून ती सगळी घट नोटाबंदीच्या माथी मारणेही बरोबर नाही. थोडक्यात, दोन टक्क्यांचा अंदाज अधिकृत आकड्यांवरून सिद्ध होत नाही. मात्र उद्दिष्टांशी आपला मतभेद नाही, आक्षेप अंमलबजावणीतील प्रचंड गैरव्यवस्थापनाला आहे, हे त्यांनी भाषणातच स्पष्ट केले होते आणि तो भाग टिकणारा आहे. काळा पैसा बाद करण्याच्या उद्दिष्टाचे म्हणाल, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१८ च्या अहवालानुसार रद्द केलेल्यांपैकी ९९.३ टक्के नोटा बँकांत परत आल्या, म्हणजे फारसे काही बाद झालेच नाही.

अमळनेरकर
आभारी आहे. काका, त्या सभासदांचे कर्ज शेवटी कधी भरले गेले?

निवृत्त गटसचिव
फेब्रुवारीत, नव्या नोटांत. जुन्या नोटा भरण्यासाठी त्यांनी तालुक्याच्या गावी राष्ट्रीयीकृत बँकेत नवे खाते उघडले. त्यासाठी दोन दिवस रांगेत गेले.